वाक्यात उपयोग करा

प्रताप नगरातल्या घराच्या ओसरीवर चंपतराव मास्तर मॅट्रिकच्या पोरांना इंग्रजी शिकवत होते.

"'पुट अप विथ' म्हणजे मुकाट्यानं सहन करणं. करा वाक्यात उपयोग!"

एकालाही जमेना. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"गधेहो, तुमच्यापेक्षा माझी अंगठाछाप बायको बरी! सांगतं का वं, पंचफुला?"

पोरं खिदळली. आत पोळपाटाचा आवाज थांबला. लग्न झाल्यापासून रोज शिकवणीच्या वेळी ती ओसरीच्या दाराआड पोळ्या लाटत आली होती.

"आय हॅव पुट अप विथ माय हजबंड फॉर एटीन इयर्स."

 सवयीनं मास्तरांनी वाक्यात चूक शोधली. एकही सापडली नाही.

समोर पोरं खाली माना घालून ते वाक्य वहीत उतरवून घेत होती.