चारशे बारा शुभेच्छुक

शहरातले आणि घाटातले सगळे फलक चालवणाऱ्या सर्व्हरची मेमरी अठ्ठ्याण्णव टक्के भरली होती. नगराध्यक्ष भाऊसाहेबांना आज साठावं वर्ष लागलं होतं. करवंदी घाटातल्या वळणावर अ‍ॅसिडचा टँकर आडवा पडला होता. हर्षलाची आई सव्वाचारच्या बसने गावाहून निघाली होती.

नियंत्रण कक्षात बसून हर्षलाने 'घाट बंद' हा संदेश तिसऱ्यांदा पाठवला. घाटातला फलक मात्र हिरवाच राहिला, आणि बिनचालकाच्या गाड्या आता फक्त फलकांचंच ऐकत.

"साहेब, चौकातला वाढदिवसाचा फलक सगळी मेमरी खातोय. चारशे बारा शुभेच्छुक आहेत, अन् एकेक चेहरा येणाऱ्या-जाणाऱ्याला नावाने हाक मारतोय. बंद करते."

"वेडी का काय तू?" तांदळेसाहेब खेकसले. "भाऊ खाली चौकात उभे आहेत, हार घालणं चाललंय. शंभरेक चेहरे कमी कर. आपल्या वॉर्डातले नको हां!"

"निवडत बसले तर माझ्या आईची बस वळणावर पोचेल, साहेब!"

साहेब यादी चाळू लागले. नकाशावर बसचा ठिपका घाट उतरत होता. हर्षलाने सगळेच चेहरे एका झटक्यात बंद केले. चौक काळा पडला, घाटातला फलक लाल झाला आणि बस टँकरपासून वीस पावलांवर थांबली.

तिने आईला फोन लावला.

"अगं, ही मेली बस मध्येच का थांबली?" आईने विचारलं.

एका फलकाने किती मेमरी घ्यावी याची मर्यादा सकाळी हर्षलानेच काढून टाकली होती. भाऊंच्या माणसांनी पेढे आणले होते.