चटणीचा डबा
शालनची लेक तेजस्वी शाळेच्या एक्स्चेंजवर डेन्मार्कला जिच्या घरी वर्षभर राहिली, ती बिर्गिट उचगावात जेवायला आली आणि शालनचं टाळकं सरकलं. हिच्यासाठी तिनं तेव्हा लेकीबरोबर घरच्या कांदा-लसूण चटणीचा डबा धाडला होता. 'पोचला' एवढासुद्धा निरोप आला नव्हता. वर लेक तिला 'मॉम' म्हणत होती! "कसली गं मॉम? भरला डबा गिळून बसली की! सांग तिला," शालन कडाडली. तेजस्वीनं सांगितलं नाही. शालननं मुद्दाम पाहुणीच्या ताटात चटणीचा ढीग घातला. बिर्गिटनं भाकरीला लावून खाल्ली, डोळे पुसत विचारलं, "व्हॉट इज धिस? फर्स्ट टाइम!" एवढं इंग्रजी शालनला कळत होतं. तिनं लेकीकडं बघितलं. लेकीनं मान खाली घातली. पाहुणी निघताना शालननं डबा भरला. तेजस्वीनं हात पुढं केला. "ऱ्हाऊ दे. तुझ्या हातनं पोचत न्हाय."