चौथ्याची जागा

तिसरं मशीन लागलं की नचिकेतला पुण्याला परत जावं लागणार नव्हतं. नफा म्हणाल तर एवढाच. पण नोकरी गेलेल्या पोराला मानवतच्या गल्लीत तेवढा नफाही पुष्कळ होतो. किराणा दुकानातले व्यंकटराव साखर मोजता मोजता रोज विचारत, "सुट्टी लय लांबली म्हणायची?" ते तरी बंद झालं असतं.

धंदा नव्या तऱ्हेचा. पोरं आपापल्या घरी बसून एकत्र जो खेळ खेळतात, तो कुठल्या तरी मशीनवर, म्हणजे दणकट कॉम्प्युटरवर, अखंड चालू ठेवावा लागतो. ती मशीनं नचिकेतच्या मधल्या खोलीत, पोरांना भाड्यानं. सगळ्यांवर नजर ठेवायला स्क्रीनवर एक पॅनेल. मशीन जिवंत असलं की तिथं हिरवा ठिपका. नवं मशीन जोडताना हे पॅनेल सोयरिकीला आल्यासारखी चौकशी करतं. मेमरी किती, डिस्क किती. शेवटी एक चौकट: आहे त्याच्यापेक्षा किती जास्त मेमरी गिऱ्हाइकांना वाटायची मुभा?

नचिकेतनं भरलं, पन्नास टक्के.

मागं खुर्चीत बसून आई वाचत होती. प्रमोदिनीबाई. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं. आता नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचं घरघरणारं मशीन. घरात इन्व्हर्टर आला तो त्या मशीनसाठी, तिच्या पेन्शनीतून.

"नसलेलं वाटायलास का रे?"

"पंगतीला सगळे एकदम बसत नसतात, आई."

"अन् बसले तर? माझ्या वर्गात पोरं साठ, बाकं चाळिसांपुरती. रोज कुणाला तरी उभं करावं लागायचं. तू कुणाला करणार?"

नचिकेत हसला आणि तिसऱ्या मशीनची वायर इन्व्हर्टरच्या बोर्डात खोचली. बोर्डाला जागा चार. तीन त्याच्या, एक आईची. पॅनेलनं निदान विचारलं तरी होतं. इन्व्हर्टरनं काहीच विचारलं नाही.

मे महिना, शाळांना सुट्ट्या. आठ दिवसांत तिन्ही मशीनं भरली. नचिकेतनं परभणीला जाऊन चौथं घेतलं. जुनं, पण दणकट. भर दुपारी ते मांडीवर घेऊन परतीच्या एसटीत बसला, तेव्हा त्याला एकच कोडं सुटत नव्हतं. याची वायर खोचायची कुठं?

त्यानं घरी फोन लावला.

"आई, लाईट हाय का?"

"आत्ताच गेली. समदी पोरं एकदमच बसलेली दिसतात तुझ्या पंगतीला."

"मागं ते काय वाजायलंय?"

"तुझा इन्व्हर्टर बोंबलायलाय. झेपंना त्याला. थांब जरा." खुडबूड झाली. वाजणं थांबलं. "आता नाही वाजायचा. तुझी तिन्ही चालू हायत. ये सावकाश."

"अन् लाईट?"

"येईल की अर्ध्या तासात. रोज येतीच."

त्यानं मोबाईलवर पॅनेल उघडलं. तिन्ही हिरवे. आईच्या बोलण्यातलं 'तिन्ही' त्याला ऐकू आलं होतं. 'तुझी' आलं नव्हतं.

तो घरी पोचला तेव्हा फोनला दीड तास झाला होता आणि लाईट अजून यायची होती. मधल्या खोलीत तिन्ही मशीनं जोमात होती. कुठल्या कुठल्या गावची पोरं त्यांवर धावत होती, उड्या मारत होती. एकाचाही खेळ क्षणभर तुटला नव्हता. आई खुर्चीत होती, मान एका अंगाला कललेली. ऑक्सिजनच्या मशीनची वायर तिनं नीट गुंडाळून मांडीवर ठेवली होती. त्यानं हात धरला. मे महिन्यात हात गार होता.

पंगतीतून एकही पोर उपाशी उठलं नव्हतं. उठल्या होत्या त्या बाई.

बोर्डावर चौथी जागा रिकामी होती.