दाभाडेकाकांचं मीठ

माणसाच्या अंगातून घामावाटे मीठ गेलं की बळही जातं, असं शास्त्र सांगतं. शास्त्रानं आमच्या सोसायटीतली महाराष्ट्र दिनाची रस्सीखेच पाहिलेली नाही.

दरवर्षी आमची ए विंग बी विंगकडून हरते. यंदा भर उन्हात एक-एक अशी बरोबरी झाली. निर्णायक फेरीआधी, दोर कमरेला गुंडाळून सर्वांत मागे उभे असलेले दाभाडेकाका घामानं निथळत होते. काकू मीठ-साखरेचं पाणी घेऊन आल्या.

“बीपीवाल्याला मीठ म्हणजे विष, असं महिनाभर कोण म्हणतंय?” काका म्हणाले.

“प्या हो मुकाट्यानं! शर्टावर पांढरे डाग पडलेत, सगळं मीठ तिथं वाळतंय.”

काका प्यायले नाहीत. शिट्टी वाजली. बी विंगनं पहिल्याच हिसक्याला आम्हाला रेषेपर्यंत ओढलं आणि तेवढ्यात काकांच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. “आई गं!” ते ओरडले. पाय खांबासारखे ताठ झाले, टाचा मातीत रुतल्या आणि काका जागचे हलेनात. आम्हाला वाटलं, ही नवी आरोळी आहे. आम्हीही “आई गं!” म्हणत दोर खेचला. अख्खी बी विंग तोंडावर आपटली.

काकांना आम्ही आडवं उचलून नाचवलं. पाय वाकत नसल्यामुळे ते सोपं गेलं. काकू हसत हसत त्यांच्या तोंडात पाणी ओतत होत्या.

मग अध्यक्षांनी ढाल दिली. तिच्यावर यंदाचं साल आणि बी विंगचं नाव आधीच कोरलेलं होतं.