सगळं एकाच पेटीत

“बंद करा ते आधी!” आप्पा कडाडले.

जावई रेकॉर्ड वाजवायच्या नव्या मशीनशेजारी उभा होता. कौतुकाचे दोन शब्द कानावर पडतील म्हणून चेहरा आधीच हसरा करून ठेवलेला. ते हसू तसंच अडकलं. मुलगी कॉफीचे मग घेऊन येत होती, ती दारातच थबकली. सोफ्यावर जावयाचे दोन मित्र होते, नवं मशीन ऐकायला मुद्दाम बोलावलेले. त्यांनी आपापल्या मोबाइलमध्ये डोकं घातलं.

जावयाने सुई उचलली.

मशीन दिसायला देखणं होतं. अक्रोडी रंगाची गुळगुळीत पेटी, सोनेरी बटणं, झाकणाच्या कडेने मंद निळा उजेड. तबकडी वरती, स्पीकर पोटात, बाकीचं सगळंही आतच. एक वायर भिंतीला लावली की झालं. आप्पांनी पेटीवर बोट ओढलं आणि शिसारी आल्यासारखं ते रुमालाला पुसलं.

“लाकूडही खरं नाही. कागद चिकटवलाय वर. केवढ्याला पडलं?”

जावयाने हळूच आकडा सांगितला.

“एवढ्यात?” आप्पांनी कपाळाला हात लावला. “अहो, एवढ्यात रेकॉर्ड प्लेअर वेगळा, अँप्लिफायर वेगळा आणि दोन चांगले स्पीकर आले असते. वर चार रेकॉर्डही आल्या असत्या!”

“आम्हाला त्यातलं काही कळत नाही ना, आप्पा,” जावई म्हणाला. “नुकतीच सुरुवात करतोय. कुठली वायर कुठे, कशाला काय जोडायचं... नवशिक्यांना हे बरं पडतं म्हणाले दुकानात.”

“नवशिक्यांनाच तर गाठतात ते! सुई आणि तिला हादरवणारा स्पीकर एका पेटीत? ज्या टेबलावर एकजण सुईत दोरा ओवतोय, त्याच टेबलावर दुसऱ्याने नाचायचं! जाणकार माणूस याला हात लावणार नाही.”

आप्पांची हयात स्टुडिओत गेली होती, माइक लावण्यात आणि आवाज पकडण्यात. घरी त्यांची एक खोली होती. तिथल्या मशीनला त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा मुलीच्या लहानपणापासूनचा नियम. जावयाने लग्नानंतर एकदा नुसतं झाकण उचललं होतं, तर जेवण होईपर्यंत आप्पा त्याच्याशी बोलले नव्हते. म्हणून तर त्याने हे मशीन घेतलं होतं. आणि जुन्या बाजारात कितीतरी खेटे घालून आप्पांनीच ध्वनिमुद्रित केलेली एक रेकॉर्ड शोधून आणली होती. सासऱ्यांचं काम आपल्या घरात वाजावं, एवढीच त्याची हौस.

नेमकी तीच रेकॉर्ड आत्ता लावली होती.

“आणि घंटा कुठे आहेत?” आप्पांनी विचारलं. “व्हायोलिन थांबतं, तिथे नखाएवढ्या घंटांची एक माळ वाजते. त्या किणकिणीसाठी अख्खा दिवस माइक हलवत बसलो होतो मी. या डबड्याने ती गिळून टाकली! माझं काम गिळलं यानं!”

“पण आप्पा, त्या तर...”

“मला शिकवू नका, जावईबापू!”

मित्रांपैकी एकाने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मुलगी कॉफीचे मग हातात धरून वडिलांकडे एकटक बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग असेल असं आप्पांना वाटलं. पण तो राग नव्हता, आणि तेच त्यांना जास्त झोंबलं.

“उचला ती रेकॉर्ड,” ते म्हणाले. “चला माझ्याकडे. आवाज कशाला म्हणतात ते ऐका एकदा. मग हे भंगार दुकानदाराच्या डोक्यात घाला.”

दोन गल्ल्या सोडून आप्पांचं घर. वाटभर आप्पांची टकळी चालू होती. लोकांना कान राहिले नाहीत. चकचकीत दिसलं की घेतलं. असल्या मशीनचा, ते विकणाऱ्यांचा आणि त्याला भुलणाऱ्यांचा उबग आलाय अगदी. जावई छातीशी रेकॉर्ड धरून चालत होता.

खोलीत आप्पांनी त्याला बरोबर मधल्या खुर्चीवर बसवलं. स्वतः शेजारी स्टूल घेतलं. रेकॉर्ड मऊ कापडाने पुसली, सुई ब्रशने झटकली. कपाटाएवढ्या दोन स्पीकरमधून व्हायोलिन उमललं आणि आप्पांच्या कपाळावरच्या आठ्या पहिल्यांदाच विरल्या. त्यांनी जावयाकडे विजयी नजर टाकली. आता बघा, म्हणून बोट वर केलं.

व्हायोलिन थांबलं.

आप्पांचं बोट वरच राहिलं. खोलीत चिडीचूप. त्यांनी पुढे होऊन आवाज वाढवला. मग सुई उचलली, तिच्यावर फुंकर मारली, पुन्हा मागे ठेवली. पुन्हा व्हायोलिन आलं, पुन्हा थांबलं. मागे जाऊन त्यांनी वायरी दाबून पाहिल्या. इतक्या वर्षांचं, जिवापाड जपलेलं मशीन, आणि आज, या माणसासमोर दगा देतंय! त्याची त्यांना इतकी चीड आली की लाथ घालावीशी वाटली.

रागानेच त्यांनी मान वळवली. जावई डोळे मिटून बसला होता. त्याच्या ओठांवर हसू होतं, आणि त्या शांततेत त्याचं बोट गुडघ्यावर अलगद ताल धरत होतं.

आप्पा बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिले.

“वाजल्या?” त्यांनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

जावयाने डोळे उघडले.

“वाजताहेत की अजून,” तो म्हणाला. “आमच्याकडेही अशाच वाजत होत्या, आप्पा.”