मुक्ती दिन होऊ दे

"कागदावरची मुक्ती ही मुक्ती नव्हे!" हेमचंद्र गरजले आणि थांबले. पुढचं आठवेना. त्यांनी डोळे मिटले.

"माणसाला हवा मताचा हक्क," सोफ्यामागून शीला कुजबुजली.

"माणसाला हवा मताचा हक्क!"

"कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, साहेब."

"कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, साहेब!" हेमचंद्रांनी हात आभाळाकडे फेकला.

वनिताताई हसून आडव्या झाल्या. "अहो, आपण काय बोलतोय ते कळतं का तुम्हाला?"

"भूमिकेत शिरलं की शब्दांकडे लक्ष राहत नाही," हेमचंद्र म्हणाले. "मोठ्या नटांचं असंच असतं."

कॅनडातल्या व्हिटबीच्या मराठी मंडळाने यंदा गुलामी-मुक्ती दिनाला नाटक बसवलं होतं. लेखक, दिग्दर्शक आणि मुख्य नट हेमचंद्र. मंडळाचे अध्यक्षही तेच, त्यामुळे निवड एकमताने झाली. नाटकात अमेरिकेतली गुलामी नुकतीच संपलेली. एका राज्याची नवी विधानसभा भरलेली. सुटलेल्यांना मत द्यायचं का, जमीन द्यायची का, की करार करून पुन्हा जुन्या मालकाच्याच दावणीला बांधायचं, यावर रणकंदन. हेमचंद्र पश्चात्ताप झालेले मळेवाले आमदार. शेवटचं भाषण अर्थातच त्यांचं.

प्रॉम्प्टर चिराग ओटावाला नोकरी लागून गेला, म्हणून शीला. सातवी पास, वाचन स्वच्छ, आणि तालमीला दांडी मारण्याचा प्रश्नच नव्हता. तिचं पाऊल दाराबाहेर पडलं की दारावरच्या कॅमेऱ्यामुळे साहेबांच्या फोनवर घंटी वाजायची.

ती वर्ध्याहून आली होती हेमचंद्रांच्या आईचं करायला. आई मागच्या विंटरमध्ये गेल्या. शीला बेसमेंटमध्ये राहिली, स्वयंपाकापासून अंगणातला बर्फ शोव्हल करण्यापर्यंत सगळं करत. पासपोर्ट साहेबांच्या कपाटात, कपाटाची किल्ली साहेबांच्या जानव्याला.

रात्री वाढताना तिने पुन्हा विषय काढला. "साहेब, सुरुचीले आठवा लागला. लेकीचं पहिलं बाळंतपण आहे. पासपोर्ट द्या नं. जाऊ द्या मले."

"आधी मुक्ती दिन होऊ दे," हेमचंद्र भातावर तूप घेत म्हणाले. "मग बघू."

"मागं म्हणे, दिवाळी होऊ दे."

वनिताताई दुखावल्या. "तू काय नोकर आहेस का इथे, शीला? घरचीच आहेस."

"मॉम, शी जस्ट वॉन्ट्स टू गो होम." गुंजनला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं.

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नये," हेमचंद्र म्हणाले. "पाहुण्यांच्या हेडफोनवर तू भाषांतर करणार आहेस ना? त्याची तयारी कर. एकही वाक्य गळता कामा नये."

शीलाने ताटं उचलली.

मुक्ती दिनाला हॉल गच्च भरला. पहिल्या रांगेत खासदारबाई आणि शहराच्या पोलीस अधिकारी, दोघींच्या कानांवर हेडफोन. नारळ फुटला. तिसऱ्या घंटेआधी हेमचंद्रांनी विंगेत शीलाला बजावलं, "मी थांबलो की लगेच दे. स्टेजवर शांतता नको मला."

"हो, साहेब."

नाटक रंगलं. शेवटचं भाषण आलं.

"कागदावरची मुक्ती ही मुक्ती नव्हे!" हेमचंद्र थांबले. डोळे मिटले. विंगेतून आवाज आला, तो त्यांनी अलगद उचलला.

"माझ्याही घरात एक बाई आहे!"

मागच्या रांगेतले लोक खुर्चीच्या कडेला सरकले.

"आई गेली, तरी मी तिला सोडलं नाही!"

कुणीतरी नाक पुसलं. खासदारबाईंनी हेडफोन घट्ट दाबला.

"लेक बाळंतपणाला टेकली, तरी मी म्हणतो, मुक्ती दिन होऊ दे!"

दुसऱ्या विंगेत वनिताताईंच्या हातून पावडरचा डबा पडला.

"तिचा पासपोर्ट माझ्या कपाटात आहे!"

मागच्या बूथमध्ये गुंजनने एक मोठा श्वास घेतला आणि शब्दाला शब्द भाषांतर केलं. पोलीसबाई खुर्चीत सरळ झाल्या.

"आणि कपाटाची किल्ली," शीला आता कुजबुजत नव्हती, "ही."

"आणि कपाटाची किल्ली, ही!" हेमचंद्रांनी गरजत कोटाची बटणं तोडली, जानवं बाहेर ओढलं आणि किल्ली पहिल्या रांगेपुढे उंच धरली. डोळे अजून मिटलेलेच होते.