झाकणाच्या आतली खूण

टप्! नळाचा थेंब भांड्यात पडला आणि चित्र रंगवणाऱ्या लेकीनं मान वर केली.

"आई, कारखान्यात समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या घड्याळांवर तू असाच थेंब टाकतेस?"

"हो. आधी पाण्याच्या दाबात ठेवायचं, मग गरम करून काचेवर गार थेंब. आतून वाफ धरली नाही, तरच पाच वर्षांची वॉरंटी."

"कार्डावर तुझं नाव असतं?"

"छे गं, तिथं साहेबांची सही! मी झाकण लावण्याआधी आतून सुईनं माझी खूण कोरते. पाणी शिरून घड्याळ परत आलं, तरच ते झाकण उघडतात."

"किती परत आली?"

"एकही नाही!" आईची मान आपोआप ताठ झाली.

लेकीचा रंगाचा ब्रश हातातच राहिला.

"मग आई, ती घड्याळं तू केलीस हे कुणाला कळणार कसं?"